डाव्या कालव्यावरील गळस्पर्धा

प्रवासवर्णनाचा विषय व्हावयास स्थळाच्या अंगीं प्राचीनत्व अथवा रमणीयत्व असावें लागतें, असा सामान्य समज आहे. जालना जिल्ह्यांतून जाणाऱ्या जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या ठिकाणीं यांपैकीं एकही गुण नाहीं. दोहों बाजूंस काँक्रीटचा उतार, वर मातीचा भराव, भरावावर बाभळी, आणि मधून गढूळ पाण्याचा एक सरळ पट्टा. एवढेंच काय तें दृश्य. तथापि गेल्या मार्गशीर्षांत या कालव्याच्या कांठीं माझी एक दुपार गेली, ती मी अद्याप विसरलों नाहीं.

माझी कन्या अंबड येथें दिली आहे. तिच्या घरीं पंधरा दिवस राहावें, मत्स्योदरी देवीचें दर्शन घ्यावें, आणि जांबेस जाऊन समर्थांचें जन्मस्थान पाहावें, असा बेत करून मी निघालों होतों. मत्स्योदरीचें देऊळ ज्या टेकडीवर आहे तिचा आकार माशासारखा असल्यामुळें देवीस हें नांव पडलें, असें सांगतात. अहिल्याबाई होळकरांनीं त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. दर्शन घेऊन परत आलों, तों मुलीनें माझ्यापुढें एक गाऱ्हाणें मांडलें. “अप्पा, तुमचा नातू गळ घेऊन कालव्यावर जातो. आपल्या घरांत हें कधीं झालें नाहीं. तुम्हीच त्याला चार गोष्टी सांगा.”

नातू बारा वर्षांचा. मीं त्यास जवळ बसवून विचारलें, तेव्हां तो शांतपणें म्हणाला, “आजोबा, मी मासे खात नाहीं. धरतो आणि पुन्हां सोडून देतो.”

“सोडावयाचेच, तर धरतोस कशाला?”

“पाण्यांत काय आहे तें वरून दिसत नाहीं म्हणून.”

चाळीस वर्षें शाळेंत घालविलेल्या मनुष्यास या उत्तरावर रागावतां येईना. रविवारीं मुलांची चढाओढ ठरली होती, आणि मनाई केली तर तो न सांगतां जाईल हें उघड होतें. मीं मुलीस सांगितलें कीं, मी स्वतः बरोबर जातों. उतारावरून पाय घसरूं नये एवढें पाहीन, आणि बाकीचें बोलणें परत आल्यावर करीन.

येथें कालव्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडीचें धरण आहे. त्याची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजीं लालबहादूर शास्त्री यांनीं बसविली, व २४ फेब्रुवारी १९७६ रोजीं इंदिरा गांधी यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. त्याच्या जलाशयास एकनाथमहाराजांवरून नाथसागर म्हणतात. त्यांतून निघणारा उजवा कालवा १३२ किलोमीटर लांब आहे, आणि डावा २०८ किलोमीटर. हा डावा कालवा जालना जिल्ह्याच्या दक्षिण भागांतून पुढें परभणीकडे जातो. मात्र तो नदीसारखा अखंड वाहत नाहीं. रब्बीस व उन्हाळ्यांत पाळीपाळीनें पाणी सोडतात. पाळी संपली कीं दारें बंद होतात आणि कालवा आटूं लागतो. नाथसागरांतले मासे या पाण्याबरोबर दारांतून खालीं येतात. येण्यास त्यांना वाट मिळते, परत जाण्यास मिळत नाहीं, हें तेव्हां माझ्या ध्यानांत आलें नव्हतें.

स्पर्धेंत पांच जोड्या होत्या. प्रत्येक जोडीचा आपापला पूल व आपापली जागा ठरलेली. म्हणून कोणासही अधिक फायदा मिळूं नये याकरितां, कोणींच पूर्वीं गळ न टाकलेला असा एक लांबचा टप्पा मुलांनीं निवडला होता. तेथें जागांच्या चिठ्ठ्या काढावयाच्या, दोन तास गळ टाकावयाचा, आणि ज्या जोडीच्या माशांचें वजन अधिक भरेल ती जिंकली. पंच म्हणून भोई समाजांतील एक वृद्ध गृहस्थ तराजू घेऊन बसले होते. नातवाचा जोडीदार तापानें निजला होता. एकट्यास नियमानें उतरतां येईना. सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या, आणि वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं मीं हातांत बांबूची काठी घेतली!

माझ्याजवळ अनुभव नव्हता, तरी विद्या होती असा माझा समज होता. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लास’ नांवाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यांत राजानें करावयाच्या विनोदांमध्यें ‘मत्स्यविनोद’ असें एक प्रकरण आहे. माशांच्या जाती, कोणास कोणतें खाद्य रुचतें, दोरी कशाची असावी, काठी व गळ कसा असावा, हें सारें त्यांत सांगितलें आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेनें हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केला; त्याचा पहिला भाग १९२५ सालीं निघाला. मीं नातवास हें सर्व ऐकविलें, आणि मोठे मासे खोल पाण्यांत असावयाचे असें अनुमान काढून कणकेचा गोळा लावलेला गळ नेमका कालव्याच्या मध्यभागीं टाकावयास सांगितलें.

एक तास गेला. दोरीस बांधलेला बोरूचा तुकडा प्रवाहाबरोबर धांवत जाई, दोरी ताणली जाई, आणि आम्ही ती ओढून पुन्हां टाकीत असूं. पलीकडच्या जोडीनें तोंवर तीन मासे काढले होते. सोमेश्वराचे मासे राजाच्या हातचें खाऊन एका जागीं रुळलेले. आमचे मासे परवां पैठणहून आलेले व उद्यां कोठें असतील याचा नेम नसलेले. माझी विद्या येथें निरुपयोगी ठरली होती, आणि तसें म्हणण्याची मात्र मला लाज वाटत होती.

नातू इतका वेळ गळाकडे न पाहतां पाण्यावरील काडीकचऱ्याकडे पाहत होता. तो हळूच म्हणाला, “आजोबा, त्या चारीच्या दाराशीं बघा. कचरा पुढें जातच नाहीं, तिथेंच फिरतो आहे.” खरोखरच, मुख्य कालव्यांतून शेतांकडे जाणारी चारी जेथें फुटते, तेथें बांधकामाच्या आडोशास पाणी मंद होऊन गोल फिरत होतें. मध्यभागीं वेग अधिक. तेथें उभें राहावयाचें तर माशास सारखें पोहावें लागतें. आडोशास श्रम नाहींत, आणि वाहतें खाद्य शेजारून जातच असतें. दमलेला वाटसरू भर रस्त्यांत न थांबतां पारावर बसतो, त्यांतलाच हा प्रकार. आम्हीं गळ तेथें टाकला. पांच मिनिटांत बोरू बुडाला.

उरलेल्या वेळांत चार चिलापी आणि एक लहान रोहू असे पांच मासे मिळाले. त्यांतील एक चिलापी मीं स्वतः ओढली, आणि ती हातांत तडफडूं लागली तेव्हां क्षणभर जो आनंद झाला त्याची मला नंतर भीति वाटली. वजनांत आमचा क्रमांक तिसरा आला. पहिल्या जोडीस नारळ व नवी गळदोरी मिळाली.

इतर मुलांनीं आपापले मासे पिशवींत भरले. नातू ठरल्याप्रमाणें आमची बादली कालव्यांत उपडी करावयास निघाला, तोंच ते भोईबाबा म्हणाले, “सोडून काय उपेग, बाळा? चार दिसांत पाळी बंद होईल. मग हितं डबकं ऱ्हातंय, अन् डबक्यावर बगळे.”

नातू जागच्या जागीं थांबला. आजवर आपण सोडलेल्या सगळ्या माशांचा हिशेब तो मनांत करीत असावा. मींही गप्प राहिलों. मनूची कथा मीं वर्गांत कितीदां तरी सांगितली आहे: मोठ्या माशांच्या भयानें शरण आलेला लहानसा मासा मनूनें प्रथम घागरींत ठेवला, मग विहिरींत, मग गंगेंत, आणि शेवटीं समुद्रांत नेऊन सोडला. ‘मनु दयाळू होता’ एवढेंच तात्पर्य मीं मुलांस सांगत आलों. त्यानें प्रत्येक वेळीं त्या माशास पुरेल एवढें पाणी शोधलें, हें सांगावयाचें राहिलेंच होतें.

शेवटीं भोईबाबांनींच मार्ग दाखविला. जवळच एका शेतकऱ्याचें शेततळें होतें. आम्ही दोघें बादली धरून भरावावरून अर्धा कोस चालत गेलों. शेतकऱ्यानें बादलींत डोकावून पाहिलें आणि म्हणाला, “रोहू सोडा खुशाल. चिलापी मात्र नको, गुरुजी. ती फार वाढते. वर्षांत तळं भरून टाकील आणि बाकीच्यांना खाऊं देणार नाहीं.” एकास वांचवावयाचें तर चौघांस नाकारावें लागतें, हा न्याय मला कोणत्याही पोथींत इतका स्पष्ट भेटला नव्हता. नातवानें रोहू पाण्यांत सोडला. बादली घेऊन आम्ही परत फिरलों, आणि त्या चार चिलापी भोईबाबांच्या हवालीं केल्या. त्यांच्या घरीं त्या रात्रीं त्यांचें कालवण झालें असेल. नातू रडला नाहीं. फक्त जातां जातां त्यानें बादलींतील पाणी एकदां हातानें ढवळलें.

घरीं आल्यावर स्नान झालें, पानें वाढलीं. मुलीनें विचारलें, “किती धरले?”

“पांच धरले,” तो म्हणाला. “एक जिवंत आहे.”

ती माझ्याकडे पाहूं लागली. मीं सारी हकीकत सांगितली, माझ्या आनंदासकट. ती कांहीं बोलली नाहीं. तिनें त्याच्या पानांत भात वाढला.

चार गोष्टी सांगावयाचें मीं कबूल केलें होतें, त्या राहूनच गेल्या. परवां चैत्रांत त्याचा फोन आला. गळ माळ्यावर ठेवला आहे, म्हणाला. शेततळें अर्ध्यावर आलें आहे. दर रविवारीं तो सायकलीनें तेथें जातो आणि कणकेच्या गोळ्या टाकतो. रोहू दिसला का, असें मीं विचारलें.

“दिसत नाहीं,” तो म्हणाला, “पण गोळ्या उरत नाहींत.”