काजू फोडून बघायचा



परवा गोखले रोडवरच्या आमच्या नेहमीच्या दुकानात सुकामेवा घ्यायला गेले होते. काउंटरवरचा मुलगा नवीन होता. मी काजू पाकळी मागितली तर म्हणाला, "आजी, अख्खा घ्या ना, दिसायला छान दिसतो." त्याला म्हटलं, "बाळा, अख्खा नेला तरी घरी गेल्यावर मी त्याची पाकळीच करणार आहे." त्याला काही कळलं नाही. बिचारा मुकाट्यानं पाकळी मोजायला लागला.

आपल्यातल्या पुष्कळ घरांत हा नियम आहे, तुम्हाला माहीतच आहे. काजू, बदाम, पिस्ता, शेंगदाणा, काहीही असो, दोन भाग करायचे, आत नजर टाकायची आणि मगच तोंडात किंवा भांड्यात. आत एखादा जीव असू शकतो, आपल्या हातून त्याची हिंसा व्हायला नको, एवढं साधं कारण. अक्रोड तर घड्यांघड्यांचा, म्हणून त्याचे बारीक तुकडे करून प्रत्येक घडी उजेडात बघायची.

मी सांगलीला बी.कॉम. केलं, त्यामुळे हिशेब माझ्या अंगातच आहे. काजूच्या पाकिटावर डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० असे आकडे असतात ना, ते दर्जाचे गुण नव्हेत. एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, किती काजूगर बसतात त्याचा तो आकडा. २४० म्हणजे २२० ते २४० गर. आकडा जितका लहान तितका काजू मोठा आणि भाव जास्त. काजूचं कवच फोडताना, साल काढताना ज्या गराचे दोन भाग होतात तो पाकळी म्हणून वेगळा काढतात आणि तो अख्ख्यापेक्षा स्वस्त मिळतो. चव तीच, झाड तेच. म्हणजे आपल्याला जे घरी करायचं ते आधीच झालेलं, आणि वर पैसे कमी! फक्त बघण्याचं काम उरतं. ते मात्र दुसऱ्यावर सोपवता येत नाही.

हे मी इतक्या ठासून सांगते त्याला कारण आहे. ते आजवर घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं.

लग्न होऊन मी १९८४ साली नौपाड्यात आले. सासूबाई मूळच्या कोल्हापूरकडच्या, नियमाच्या पक्क्या. पिठाची मर्यादा त्यांना तोंडपाठ, थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन. कुठलं पीठ कधी दळलं ते डब्यावर कागद चिकटवून लिहून ठेवायच्या. तेव्हा शेजारच्या बायका नानकटाईचं पीठ मळून पत्र्यांत घालून बेकरीत भाजायला न्यायच्या. आमच्याकडे ते चालत नसे, कारण त्याच पत्र्यांवर अंड्याचे पदार्थ भाजलेले असायचे. मग सासूबाई जुन्या कुकरच्या तळाशी वाळू घालायच्या, शिटी आणि रिंग काढून झाकण लावायच्या आणि मंद आचेवर ताटलीत आठ-आठ नानकटाया भाजायच्या. प्रत्येकीवर काजूची एक पाकळी, पोटाची बाजू वर. "बघितलेली बाजू वर ठेवायची," असं त्या म्हणायच्या.

१९९१ चा भाद्रपद. दशलक्षण पर्वाचे दहा दिवस छान पार पडले होते. अनंत चतुर्दशीला सासूबाईंचा उपवास होता, पौर्णिमेला पारणं झालं आणि दुसऱ्या दिवशी क्षमावाणी. क्षमा मागायला, क्षमा करायला चाळीसेक माणसं घरी येणार होती. पौर्णिमेच्या दुपारी सासूबाई मंदिरात गेल्या आणि मी काजू कतली करायला घेतली. मे महिन्यात यांनी वेंगुर्ल्याहून दोन किलो काजू आणले होते. ते मी पत्र्याच्या डब्यात भरून माळ्यावर ठेवले होते. पावसाळा मध्ये गेला, पण डबा एकदाही उन्हात काढला नव्हता. चूक तिथूनच सुरू झाली.

धाकटा मुलगा तापानं फणफणला होता, नळाचं पाणी जायची वेळ झाली होती. काजू अख्खेच होते. एक किलो काजू फोडायचे म्हणजे पाचशेवर काजू हातावेगळे करायचे. मी वरवर नजर फिरवली आणि मिक्सरला लावले. दोन वाट्या पुडीला एक वाटी साखर, साखर बुडेल एवढं पाणी, एकतारी पाक. त्यात पूड घालून गोळा कडा सोडेपर्यंत घोटला, लाटला, शंकरपाळ्याच्या आकारात वड्या पाडल्या. वर्ख आम्ही कधीच लावत नसू. तो ठोकताना जनावरांच्या आतड्याचं, कातड्याचं वेष्टन वापरायचे. वर्ख बनवताना प्राणिज पदार्थ वापरायला कायद्यानं बंदी आली ती थेट २०१६ मध्ये.

वड्या इतक्या सुबक झाल्या होत्या! मग उरलेल्या काजूंतले थोडे मिरं-जिरं लावून परतावेत म्हणून घेतले आणि सवयीनं पहिला फोडला. आत पांढरी भुकटी आणि बारीक जाळी. दुसरा चांगला निघाला. तिसऱ्यात एक अळी होती, जिवंत. दहांतले तीन तसे निघाले.

मी ओट्याला टेकून उभी राहिले. कतलीच्या ताटांकडे बघवेना. पण मनानं हिशेब मांडायला सुरुवात केलीच. दळलं गेलं, पाकात शिजलं, आता कुणाला काय कळणार? एक किलो काजू, साखर, गॅस, उद्याची चाळीस माणसं. मी उरलेले काजू तसेच झाकून बाजूला सरकवले आणि ताटांवर पातळ फडकं टाकलं.

सासूबाई आल्या. फडकं उचलून बघितलं. "छान झाल्यात गं. काजू फोडून घेतलेस ना?"

मी म्हणाले, "हो."

दहा दिवस रोज एकेका धर्मावर प्रवचन ऐकलं होतं. उत्तम आर्जव, म्हणजे मनात एक आणि ओठांवर दुसरं असं नको, हे ऐकताना मान डोलावली होती. आणि पर्व संपून एक दिवस होतो न होतो तोच एका शब्दात सगळं घालवून बसले. रात्रभर मुलाच्या कपाळावर पट्ट्या ठेवत जागी होते. झोप त्याच्या तापानं उडाली, असं यांना सांगितलं. तेही खोटंच.

उजाडल्यावर सासूबाई देवदर्शनाला निघायच्या आत त्यांच्यासमोर गेले आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं, आता बोलणी बसणार. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, मला सांगायला रात्र कशाला लागली?"

आणि लगेच पदर खोचला. कतलीची ताटं आम्ही दोघींनी मागच्या अंगणात नेली आणि पारिजातकाखाली खड्डा करून मातीत मिसळून टाकली. किडके काजू मात्र पुरले नाहीत. ते अळ्यांसकट एका करवंटीत घालून कुणाचा पाय पडणार नाही अशा कोपऱ्यात सावलीला ठेवले. मग त्यांनी शेंगदाणे भाजायला घेतले. भाजलेल्या दाण्याची साल चोळली की त्याचे आपोआप दोन भाग होतात. सुपात पसरून दोघींनी बघून घेतले. प्रमाण काजू कतलीचंच, दोन वाट्या बारीक कूट, एक वाटी साखर, एकतारी पाक. दहाच्या आत वड्या तयार.

(शेंगदाणा जमिनीत होतो मग कसा चालतो, असं सुनेच्या मैत्रिणी मला विचारतात. तो कंद नाही, मूळही नाही. फूल जमिनीच्या वर येतं, मग त्याचा देठ खाली वाकून मातीत शिरतो आणि तिथे शेंग धरते. बटाट्यासारखा तो नव्हे.)

माणसं यायच्या आधी, देवासमोर, सासूबाईंनी माझ्यापुढे हात जोडले. मी दचकलेच. वयानं, मानानं मोठ्या. म्हणाल्या, "माझ्या धाकानं तुला खोटं बोलावंसं वाटलं. तेवढ्यापुरती चूक माझी. क्षमा कर." मला बोलताच येईना. मी नुसती पाया पडले. त्या दिवशी माझी क्षमावाणी खरी झाली. आधीची सात वर्षं नुसतं "उत्तम क्षमा" म्हणत आले होते.

सासूबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. आमच्या घरात ओटीजी आला, सूनबाई आली. ती केकमध्ये हुशार, मी बघण्यात. तिचा बिनअंड्याचा अक्रोड केक सांगते. एक वाटी घट्ट ताज्या दह्यात पाऊण वाटी साखर विरघळवायची, अर्धा चमचा खायचा सोडा आणि एक चमचा बेकिंग पावडर घालून पाच मिनिटं फसफसू द्यायचं. मग अर्धी वाटी तेल, दीड वाटी मैदा किंवा बारीक चाळलेली कणीक आणि मूठभर अक्रोडाचे बघून घेतलेले तुकडे. १८० अंशांवर साधारण चाळीस मिनिटं. सुरी घालून बघायची, कोरडी निघाली की झाला.

मसाला काजूसुद्धा आता ओटीजीतच होतात. पाव किलो पाकळीला चमचाभर तूप चोळायचं, १५० अंशांवर दहा-बारा मिनिटं, मध्ये एकदा हलवायचं. पाकळी अख्ख्यापेक्षा लवकर तांबूस होते, तेव्हा समोरून हलू नका. बाहेर काढल्यावर गरम असतानाच सैंधव, मिरपूड आणि भाजल्या जिऱ्याची पूड.

आणि रोजच्या भाजीचं म्हणाल तर कांद्याविना रस्सा दाट कसा होणार, हा प्रश्न काजूनंच सोडवलाय. चार माणसांसाठी पंधरा-वीस पाकळ्या आणि दोन चमचे मगज गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवायचे, चार टोमॅटोंबरोबर शिजवून वाटायचे. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात हे झाड ब्राझीलहून गोव्यात आणलं, म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांच्याही आधीच्या बायकांना ही सोय नव्हतीच! आता वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकनही मिळालंय. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं काढलेल्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जातींची कलमं कोकणात घरोघरी दिसतात.

साठवणीचंही सांगून ठेवते. पावसाळ्यात काजू माळ्यावर ठेवू नका. थोडेच आणा, घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवा. किडे होऊच न देणं ही पहिली अहिंसा, बघून खाणं दुसरी.

माझी नात आठ वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात खिडकीशी बसून पिस्ते फोडत होती. प्रत्येक अर्धा भाग उजेडाला धरायची आणि वाटीत टाकायची. मध्येच म्हणाली, "आजी, मी मगाशी दोन न बघताच खाल्ले." मी विचारलं, "कधी?" म्हणाली, "आत्ताच."

मी तिला जवळ घेतलं. वाटी पुढे ओढली आणि उरलेले आम्ही दोघींनी मिळून बघितले.

जय जिनेंद्र!