अब्बांची पद्मिनी

अब्बांच्या मागे आमच्या घरी त्यांची 1089 सीसीची प्रीमियर पद्मिनी राहिली. 15 वर्षांपुढील मोटारीच्या फेरनोंदणीची फी 2022 मध्ये 600 वरून 5000 रुपये झाली. 2025 मध्ये 20 वर्षांपुढच्या मोटारीला 10,000. शिवाय पर्यावरण कर, विमा. हे झाले कागदांचे. खरी धावपळ मिस्त्रीसाठी! इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबरी पाइप खराब होतात, सुटे भाग भंगारबाजारात धुंडाळावे लागतात, आणि कार्बोरेटर जाणणारे हात आता थोडेच उरलेत. मुलीच्या क्लासची फी त्याच महिन्यात आली, की हिशेबाची वही उघडायला घरात कोणी धजत नाही. पण रिक्षात चढताना अम्मींचे गुडघे साथ देत नाहीत. पद्मिनीच्या पुढच्या सलग सीटवर त्या बिस्मिल्ला म्हणून बसतात आणि अब्बांना सांगत तेच आम्हाला सांगतात, “आहिस्ता चलाओ.”