तीन काठ्या आणि एक फोन

तीन काठ्यांची टोकं दोरीने एकत्र आवळायची, खालचे पाय फाकवायचे, की तिकाटणं उभं राहतं. शिबिरात त्यावर हात धुवायचं घमेलं ठेवतात, रात्री कंदील टांगतात. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, मुरूड तालुक्यातल्या एका शाळेच्या स्काउटमास्तरांनी घराच्या पडवीत असं तिकाटणं उभं केलं आणि त्याला आपला मोबाइल टांगला, कॅमेऱ्याचा डोळा जमिनीकडे करून. खाली चटईवर बसून त्यांनी दोन रंगांच्या दोऱ्या हातात घेतल्या.

आधीचा आठवडा वाया गेला होता. फोन समोर ठेवून ते रीफ नॉट शिकवत होते. जखमेवरची पट्टी बांधायला हीच गाठ, कारण ती चपटी बसते, रुतत नाही आणि हवी तेव्हा सुटते. सूत्र सोपं: उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. पण समोर बसलेल्या माणसाचा उजवा हात पाहणाऱ्याच्या डावीकडे येतो. एरवी मास्तर मुलाच्या मागे उभे राहतात, त्याच्या खांद्यावरून दोन्ही हात पुढे नेतात आणि हा घोटाळा होतच नाही. पडद्यासमोर मुलं पहिला वेढा सरांचे शब्द ऐकून घालत आणि दुसरा चित्र बघून. दोन्ही वेढे एकाच बाजूचे पडत. अशा गाठीला इंग्रजीत आजीबाईची गाठ म्हणतात. दिसायला रीफ नॉटची सख्खी बहीण, पण ताण आला की घसरते. मुलांनी पाठवलेले फोटो सर रात्री मोठे करून बघत. चौदा फोटोंत नऊ गाठी घसरणाऱ्या निघाल्या.

टांगलेला फोन सरांच्या डोक्यावरून, त्यांच्याच नजरेने त्यांचे हात दाखवू लागला आणि मुलाच्या मागे उभं राहण्याची सोय थोडीशी परत मिळाली.

फोटो चौदाच, कारण पथक बत्तीस जणांचं असलं तरी तेवढ्याच घरांत व्हिडिओ चालेल असा फोन होता. तोही बापाचा. बाप बाहेर गेला की मुलगा गैरहजर.

मार्चच्या शेवटी ठरलेलं दोन रात्रींचं शिबिर रद्द झालं तेव्हा सरांना वाटलं होतं, महिनाभराचा प्रश्न आहे. शिबिराऐवजी मुलांसाठी काय करायचं, याच विचारात तेव्हा जगभरचे स्काउट होते. रेडिओ आणि इंटरनेटवरून भरणारा जागतिक स्काउट मेळावा एरवी ऑक्टोबरात असतो. १९५७ च्या जांबोरीत, म्हणजे स्काउटांच्या प्रत्यक्ष भरणाऱ्या मोठ्या मेळाव्यात, लेस्ली मिचेल या ब्रिटिश हॅम रेडिओवाल्याला ही कल्पना सुचली आणि पुढच्या वर्षी पहिला मेळावा झाला. २०२० मध्ये घरात अडकलेल्या मुलांसाठी त्याची खास आवृत्ती एप्रिलच्या ३ ते ५ तारखांना भरवली गेली. सरांनी फोनवरून तासभर तिथे डोकावून पाहिलं. ब्रिटनच्या स्काउटांनी १७ मार्चपासून प्रत्यक्ष सभा थांबवल्या आणि लगेच घरबसल्या करायच्या उपक्रमांचा मोठा संच खुला केला. मे महिन्यात त्यांनी चंद्रापर्यंतची पदयात्राही काढली: प्रत्येकाने अंगणात, जिन्यावर, जमेल तिथे एक मैल चालायचं आणि सगळ्यांचे मैल जोडून २,३८,८५५ मैलांचं अंतर कापायचं.

सरांना ही कल्पना मनापासून आवडली. पण तिच्यात एक गोष्ट नव्हती, आणि ती आपल्या पडवीतल्या वर्गातही नाही, हे त्यांना मेच्या पहिल्या आठवड्यात उमगलं. मुलगा एकटाच चालत होता.

स्काउटिंगचा प्राण जंगलात आहे असं बाहेरच्यांना वाटतं. तो संघात आहे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये स्काउटिंगचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर विसेक मुलांचं पहिलं शिबिर घेतलं, तेव्हा त्यांनी मुलांचे चार गट पाडले: लांडगे, बैल, कर्ल्यू आणि डोमकावळे. प्रत्येक गटाला त्यांच्यातलाच एक मुलगा नायक. आजही पथकात सहा ते आठ जणांचा संघ असतो, संघाला संघनायक असतो आणि चांगला स्काउटमास्तर संघनायकाला शिकवून बाजूला होतो. एक मुलगा दुसऱ्याला शिकवतो, चुकतो, चिडतो, पुन्हा शिकवतो. शिबिरात भात करपला तर तो संघाचा करपतो. सरांची वीस वर्षं ही बाजूला होण्याची कला शिकण्यात गेली होती. फोनने ती एका आठवड्यात पुसली. पडद्यावर सगळ्यांचे डोळे सरांकडे. संघनायक म्हणजे आवाज बंद केलेला एक लहानसा चौकोन.

म्हणून सरांनी व्हिडिओ कमी केला आणि दर गुरुवारी संध्याकाळी फक्त चार संघनायकांना साधा कॉन्फरन्स कॉल सुरू केला. बटणांच्या फोनवरही तो चालतो. मैदानावर संघनायकांची जी मानसभा भरायची, तीच ही. काय करायचं ते तिथे ठरे आणि पुढचं संघनायकांनी बघायचं. त्याच वेळी सरांनी संघही मोडून नव्याने बांधले. पूर्वी ते इयत्तेप्रमाणे होते. आता वाड्यांनी एकमेकींच्या रस्त्यांवर बांबू आडवे टाकले होते, मग संघ वाडीप्रमाणे झाले. कोळीवाड्याचा एक, वरच्या आळीचा एक, खाडीपलीकडच्या दोन वाड्यांचे दोन. वाडीच्या आत मुलं एकमेकांना अंगणातून, हाकेच्या अंतरावरून दिसत होतीच.

ज्यांच्याकडे कसलाच फोन नाही त्यांच्यापर्यंत पोचायला कागद होता. शालेय पोषण आहाराचा तांदूळ आणि कडधान्य न्यायला पालक ठरल्या दिवशी शाळेत येत. त्या पिशवीत सर एक पाकीट ठेवू लागले. ही युक्ती नवी नाही, हे त्यांना ठाऊक होतं. १९१५ मध्ये शिकागोचे प्रकाशक विल्यम बॉइस यांनी दूरच्या शेतवस्त्यांवरच्या मुलांसाठी ‘लोन स्काउट्स’ ही संघटना काढली होती. या मुलांना जवळ ना पथक ना मास्तर. टपालाने येणारं एक नियतकालिक हाच त्यांचा दुवा, आणि त्यात लिहिणारी पुष्कळशी मुलंच असत. १९२४ मध्ये ही संघटना अमेरिकेच्या मुख्य स्काउट संघटनेत मिळाली.

पहिल्या पाकिटात एकच काम होतं: घरात आधीपासून बांधलेल्या गाठी शोधा, त्यांची चित्रं काढा आणि गाठ ज्याने बांधली त्याला तो ती कुठे शिकला ते विचारा.

दहा दिवसांनी कागद परत आले तेव्हा सरांनी रात्री दोनपर्यंत ते वाचले. झोळीची गाठ. रहाटाच्या दोराची गाठ. गाईच्या दाव्याची, जी एका हाताने सुटते कारण दुसऱ्या हातात चरवी असते. पागोळ्यांखाली टांगलेल्या कांद्याच्या माळेची. कोळीवाड्यातल्या सातवीच्या मुलाने आजोबांच्या जाळ्याचं एक घर काढलं होतं, मोठा करून, दोरा कुठून कुठे जातो ते बाण दाखवून. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, म्हातारा दिवसभर अंगणात जाळं सांधत बसलेला, नातू शेजारी. सरांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं, ही शीट बेंड आहे. कमीजास्त जाडीच्या दोन दोऱ्या जोडायला स्काउट जी गाठ शिकतो, तीच जाळ्याच्या प्रत्येक घराला असते. वीस वर्षं ते ही गाठ कोळ्यांच्या मुलांना फळ्यावर चित्र काढून शिकवत आले होते.

पुढच्या गुरुवारी त्यांनी त्या मुलाच्या संघनायकाला सांगितलं, "पुढची गाठ तुमच्या संघाने सगळ्यांना शिकवायची. आजोबांना विचारून घ्या."

"सर, आजोबा म्हणतात हात बघ, तोंडाने सांगता येत नाही."

"मग तेच शिकवा," सर म्हणाले.

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा भागात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कौलं आणि पत्रे उडाले, विजेचे खांब मोडले. कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. मोबाइलचे मनोरे मुके झाले, त्यामुळे गुरुवारचा कॉलही बंद. आठ दिवस सरांना आपल्या बत्तीस मुलांपैकी स्वतःच्या वाडीतल्या सातांचीच खबर होती.

रस्त्यावरची झाडं तोडून वाट झाल्यावर ते मोटारसायकलने निघाले. खाडीपलीकडे पोचले तेव्हा एका घरावर मोठे लोक ताडपत्री टाकत होते आणि खाली संघातली पाच मुलं तिच्या कडा तयार करत होती. ताडपत्रीच्या कड्या फाटल्या होत्या. अशा वेळी कोपऱ्यात लिंबाएवढा गोटा ठेवायचा, ताडपत्री त्याभोवती मुरडायची आणि मानेला क्लोव्ह हिच मारायची. कितीही ओढलं तरी दोर निसटत नाही. सरांनी हे दोन वर्षांपूर्वी एका पावसाळी दुपारी दाखवलं होतं, तेही घाईत. संघनायकाकडे वहीचं एक पान होतं. वाडीतली घरं, कुठे म्हातारं माणूस एकटं आहे, कुठे पाणी पोचवायचं, कोणाच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. हे काम त्याला कोणी दिलं नव्हतं. सगळ्यांच्या तोंडाला गणवेशाचे स्कार्फ बांधलेले होते. छपरावर एकही मूल नव्हतं, ते सरांनी आधी पाहून घेतलं. मोठ्यांनी चढू दिलं नव्हतं आणि मुलांनी हट्टही केला नव्हता.

स्काउट चळवळीचं बीज एका वेढ्यात पडलं होतं, हे त्या दिवशी परतताना सरांना आठवलं. दक्षिण आफ्रिकेतलं माफेकिंग १८९९-१९०० मध्ये २१७ दिवस वेढलेलं होतं आणि गावातली मुलं सायकलवरून निरोप पोचवत होती. बेडन-पॉवेलनी त्यांना जवळून पाहिलं होतं.

बाहेरच्या जगात मोठे मेळावे एकामागून एक कोसळत होते. न्यू मेक्सिकोतलं फिलमाँट हे विस्तीर्ण शिबिरस्थळ त्या उन्हाळ्यात बंद राहिलं. आयर्लंडमधला २०२१ चा जागतिक मूट, म्हणजे तरुण स्काउटांचा मेळावा, आधी वर्षभर पुढे गेला, मग रद्दच झाला. शर्म-अल-शेखला भरायची जागतिक परिषद वर्षभर उशिरा, पडद्यावर झाली. १९७९ मध्ये इराणमधली जागतिक जांबोरी क्रांतीमुळे रद्द झाली, तेव्हा ठिकठिकाणच्या स्काउटांनी आपापल्या देशांत छोटे मेळावे घेतले होते. सरांना ती आठवण धीर देई.

सगळंच जमलं असं मात्र नाही. शेकोटीची गाणी फोनवरून कधीच जमली नाहीत. प्रत्येकाचा आवाज क्षणभर उशिरा पोचतो, टाळी विस्कटते आणि दुसऱ्या ओळीला सगळे थांबतात. सगळ्यांचे माइक बंद करून एकाने गायचं, हा उपाय दोनदा केला. त्यात शेकोटी उरत नाही. सरांनी तो सोडून दिला. किमचा खेळ मात्र उत्तम चालला: ताटात चोवीस वस्तू, एक मिनिट बघायचं, मग ताट झाकून आठवतील तेवढ्या लिहायच्या. ताट मांडायचं काम प्रत्येक वेळी वेगळ्या घरी असे आणि मुलं परसातल्या अशा वस्तू ठेवत की सरांनाच नावं विचारावी लागत.

सोपानांच्या, म्हणजे स्काउटच्या पायऱ्यांच्या, चाचण्यांवरून एक अवघड प्रसंग आला. फोटो बघून सगळ्यांची नोंद पूर्ण करून टाका, असं त्यांना वरून सुचवण्यात आलं. सरांनी गाठी, प्रथमोपचार, अंदाजाने उंची मोजणं यांवर सही केली, कारण ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. रात्रीचा मुक्काम, चुलीवरचा स्वयंपाक आणि पायी सहल यांच्या जागा त्यांनी कोऱ्या ठेवल्या. काही पालक नाराज झाले. कोरी जागा मुलाला पुढे भरता येते, खोटी भरलेली पुन्हा उघडता येत नाही, असं ते प्रत्येकाला घरी जाऊन सांगून आले.

२१ डिसेंबर २०२० ला संध्याकाळी गुरू आणि शनी एकमेकांच्या इतके जवळ आले की साध्या डोळ्यांना जवळजवळ एकच तारा दिसावा. दोघांमधलं दिसणारं अंतर १६२३ नंतर कधी इतकं कमी झालं नव्हतं. चारही संघ आपापल्या वाडीतून नैर्ऋत्येला तोंड करून उभे होते. कोणी बांधावर, कोणी पुळणीवर. फोनवर कोणी काही दाखवत नव्हतं. फक्त कॉल चालू होता आणि चार वाड्यांतून एकाच वेळी आवाज येत होते: "दिसला, दिसला. दोन आहेत, नीट बघ."

४ ऑक्टोबर २०२१ ला शाळा पुन्हा उघडली. त्या आठवड्यात मैदानावर पहिली सभा झाली. गणवेश बऱ्याच जणांना आखूड झाले होते. संघ इयत्तेप्रमाणे लावायचे की वाडीप्रमाणे राहू द्यायचे, हे सरांनी मानसभेवर सोडलं. मानसभेने वाडीप्रमाणेच ठेवले.

मग काठ्या आणि दोऱ्या निघाल्या. एक मुलगा क्लोव्ह हिच झटकन मारत होता, पण उलट्या हाताने, जणू आरशात. सरांनी विचारलं, कुठे शिकलास? पहिल्या आठवड्यातला, तिकाटण्याआधीचा क्लोव्ह हिचचा एक व्हिडिओ अजून वाडीत फिरत होता. थोरल्या भावाच्या फोनवर तो पाहून त्याने एकट्याने गाठ बसवली होती आणि वाडीतल्या चौघांना शिकवलीही होती. सरांनी दोराचं टोक धरलं, काठीवर पाय रोवला आणि अंगाचा सगळा भार टाकून ओढलं. गाठ जागची हलली नाही. त्यांनी दोर मुलाच्या हातात परत दिला आणि दुसऱ्या संघाकडे वळले.