लाइट

सोलापूरच्या पूर्व भागात वाढणाऱ्या मुलाच्या कानावर ‘लाइट’ हा शब्द पहिल्यांदा पडतो तो नाम म्हणून, तोही तक्रारीच्या सुरात: लाइट गेली. यंत्रमागांचा खडखडाट एकदम थांबतो, धोटा जिथल्या तिथे राहतो आणि विणकर कपाळ पुसत ओट्यावर येऊन बसतो. मजुरी विणलेल्या मालावर असते, त्यामुळे त्याच्या लेखी लाइट म्हणजे नुसता उजेड नव्हे, त्या दिवसाची कमाई. या अर्थी ती स्त्रीलिंगी, कारण तिच्यामागे ‘वीज’ उभी आहे. खोलीत लागणारा लाइट मात्र पुष्कळांच्या तोंडी दिव्यासारखा पुल्लिंगी असतो.

विशेषण म्हणून ‘लाइट’ भेटतो तो रंगपेटीत आणि कापडाच्या दुकानात. गणवेशाचा शर्ट लाइट निळा असतो. ‘फिका’ हा शब्द असताना ‘लाइट’ कशाला, असं विचारणाऱ्याने एकदा साडीच्या दुकानात बसून पाहावं. विणकरांच्या गावात फिका रंग म्हणजे उडालेला, धुण्यात गेलेला रंग. असं म्हणून कोणी माल विकत नाही. चहाचंही तेच. ‘फिका चहा’ म्हणजे बिनसाखरेचा. पत्ती कमी हवी असेल तर ‘लाइट’च म्हणावं लागतं. आणि ‘हलकी साडी’ म्हणजे कमी वजनाची नव्हे, कमी प्रतीची. म्हणून दुकानदार ‘लाइटवेट’ म्हणतो. हलक्या प्रतीचा, हलक्या कानाचा, हलक्या मनोवृत्तीचा अशा वापरांनी मराठी ‘हलका’ डागाळला. ही परक्या शब्दाची हौस नाही, अडचणीतून काढलेली वाट आहे. चादरीच्या बाबतीत मात्र सोलापुरात लाइटपणाला मान नाही. गिऱ्हाईक चादरीची घडी तळहातावर तोलतं, आणि हाताला भार लागला तरच पुढचं बोलणं होतं.

इंग्रजीत हे मुळात दोन निराळे शब्द आहेत. कालांतराने त्यांचा उच्चार आणि लेखन एक झालं. उजेडाचा आणि उजळ रंगाचा ‘लाइट’ हा संस्कृतातल्या ‘रुच्’ म्हणजे चमकणे या धातूचा दूरचा नातलग. वजनाचा ‘लाइट’ ‘लघु’च्या कुळातला. आपला ‘हलका’ही ‘लघु’मधूनच, प्राकृतात अक्षरांची अदलाबदल होऊन आलेला. म्हणजे ‘हलका’ची अडचण झाली तेव्हा मदतीला धावला तो हजारो वर्षांपूर्वी दुरावलेला भाऊबंदच.

भाषांतर करणाऱ्यांनाही हाच डाग टाळावा लागला. रेडिओवरच्या लाइट म्युझिकचं मराठीत ‘सुगम संगीत’ झालं, लाइट क्लासिकलचं ‘उपशास्त्रीय’. ‘हलकं संगीत’ म्हटलं असतं तर गायकाचा अपमानच झाला असता. वाहनाचा परवाना काढायच्या वयात आणखी एक अर्थ समोर येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ‘हलकं मोटार वाहन’ म्हणजे ढोबळमानाने साडेसात हजार किलोपर्यंतचं. एवढं वजन हलकं ठरू शकतं, कारण हलकेपणा नेहमी कशाच्या तरी तुलनेत असतो.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण सोलापूर जिल्ह्यातच धावलं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. तिने बार्शी गाव कुर्डुवाडीला, म्हणजे तेव्हाच्या ‘बार्शी रोड’ स्टेशनला, मोठ्या लाइनशी जोडलं. पुढे ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट. तिच्या नावातल्या ‘लाइट’चा अर्थ दुबळी असा नव्हता. कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही आणि एकूण ओझं सगळ्या आसांवर सारखं वाटायचं, हा कॅलथ्रॉपचा हिशेब. त्यामुळे बेताच्या वजनाचे रूळ आणि बेताचा खर्च पुरला, आणि तरीही गाडीने वारकरीही वाहिले, मालही. ‘हलका’ म्हणजे कमी दर्जाचा या समजुतीला इतकं भक्कम उत्तर दुसरं सापडणार नाही.

उतारवयात डॉक्टर म्हणतात, रात्री लाइट खा. शेंगाचटणी आणि कडक भाकरीवर वाढलेल्या माणसाला हे जड जातं. घरातली म्हातारी माणसं मात्र ‘पचायला हलकं’ असंच म्हणतात, आणि इथे जुना शब्द अजून निष्कलंक आहे. मन मोकळं केल्यावर ते ‘हलकं’च होतं, ‘लाइट’ झालं असं कोणी म्हणत नाही. निदान या दोन ठिकाणी मराठीने आपला शब्द हातचा सोडलेला नाही. तो तसाच राहावा.

बार्शी लाइट मात्र तशी राहिली नाही; ती १९५४ मध्ये सरकारकडे आली. या शतकात तिचे सगळे टप्पे एकेक करून ब्रॉडगेज झाले आणि ‘लाइट’ हे विशेषण गेलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये औसा रोड ते लातूर रोड हा मध्य रेल्वेचा शेवटचा उरलेला टप्पाही विद्युतीकरणात आला, आणि बार्शी लाइटच्या जुन्या वाटेवर लातूरपर्यंत लाइट आली.