मोरीपलीकडचं पाणी

कापूरहोळ आज पुणे-सातारा महामार्गावरचा गजबजलेला नाका आहे. इथून एक रस्ता भोरला फुटतो, दुसरा नारायणपूरमार्गे सासवडला. छत्रपती संभाजीराजांच्या दूधआई धाराऊ गाडे याच गावच्या. माझ्या आठवणीतलं गाव मात्र महामार्गाच्या मागे आहे, घरांच्या परसात.

तेव्हा पाणी आडावरून नाहीतर नदीवरून बायकांच्या डोक्यावरून घरी यायचं. म्हणून हंड्यातला थेंब न् थेंब दोनदा वापरला जाई. तांदूळ धुतलेलं पाणी जनावरांच्या आंबोणात, भांड्यांचं अळूला, अंघोळीचं केळीला आणि कर्दळीला. भांडी राखेनं घासत, केस शिकेकाईनं धूत. मातीला पचणार नाही असं त्या पाण्यात फारसं काही नसे. घरची मोरी परसात संपायची आणि सांडपाण्याचा प्रवासही तिथंच संपायचा. आपलं खरकटं पाणी शेजाऱ्याच्या दारात गेलं, तर त्यावरून भांडण ठरलेलं.

त्या दिवसांचं सगळंच गोड नव्हतं. पाणी वाहून बायकांच्या माना दुखून यायच्या. पहाटेच्या अंधारात त्यांना उघड्यावर जावं लागे. पावसाळा लागला की हगवण आणि कावीळ यायची. घरोघरी नळ आणि संडास आले, हे फार मोठं काम झालं. त्यातलं काहीही मागं न्यावं, असं मी कधीच म्हणणार नाही.

पण नळ घरात आला आणि परस गेलं. तिथं फरशी आली, वाढीव खोली आली, गाडी उभी राहिली. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनचं उद्दिष्ट माणशी रोज 55 लिटर पाण्याचं आहे. वापरलेल्या पाण्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होतं, असा हिशेब धरतात. म्हणजे पाच माणसांच्या घरातून रोज सुमारे 220 लिटर. त्यात आता साबणाची पावडर, फिनेल आणि नाक्यावरच्या हॉटेलांचं तेलही आलं. संडासाच्या सेप्टिक टँकमध्ये गाळ खाली बसतो, पण वरचं पाणी घाणच असतं. ते शोषखड्ड्यात मुरायला हवं, आणि टाकी वेळच्या वेळी उपसायला हवी. तेच पाणी उघड्या गटारात सोडलं, तर संडास बांधूनही मैला गावातच राहिला.

आणि गटार कुठं जातं? ओढ्यात, ओढ्यातून गुंजवणीकडे, गुंजवणीतून नीरेत. वारीत माउलींच्या पादुकांना स्नान घालतात ती हीच नीरा. नरसिंहपूरला ती भीमेला मिळते आणि तेच पाणी पुढे पंढरपूरला चंद्रभागा होतं. दर आषाढीला ज्या पाण्यापुढे आपण हात जोडतो, त्यात आपल्या मोरीचंही पाणी आहे.

जुन्या परसातली समज आज शास्त्राच्या रूपात परत आली आहे. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे घेतले, उघडी गटारं बंद केली आणि डासांना हटवलं. खड्डा चार फूट लांब, रुंद आणि खोल, आत छिद्रं पाडलेली टाकी, भोवती दगड-विटांचे तुकडे. खड्ड्याच्या अलीकडे गाळ अडवायला एक लहान चेंबर. बस, एवढंच. नागपूरच्या नीरी संस्थेनं विकसित केलेल्या फायटोरिड पद्धतीत खडीच्या वाफ्यात पाणवनस्पती लावून सांडपाणी शुद्ध करतात. अशा वाफ्यांत कर्दळही लावतात. तिच्या मुळांभोवती वाढणारे जिवाणू घाण खातात. आमच्या आज्या मोरीच्या तोंडाशी कर्दळ लावायच्या, ती उगाच नव्हे.

स्वच्छ भारत मिशनच्या 2020पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्याच्या कामासाठी निधीची तरतूद आहे. पण निधीतून खड्डा होतो, राखण होत नाही. पूर्वी पाणी कमी होतं म्हणून ते घरचं होतं. आता भरपूर आहे म्हणून कुणाचंच उरलं नाही. म्हणून येत्या ग्रामसभेत नव्या गटाराची मागणी करण्याआधी तीन ठराव व्हावेत. ज्याच्या घराला जागा आहे त्याचा शोषखड्डा. जिथं जागा नाही तिथं आळीसाठी मिळून एक वाफा. आणि हॉटेलवाल्यांना तेल अडवणारा चेंबर सक्तीचा. आपण वापरलेल्या पाण्याची जबाबदारी आपलीच, ही जुनी रीत नळाच्या काळातही पाळता येते आणि ती पाळलीच पाहिजे.