होडीवरचे दिवे

धाकट्या भावाने होडीवर नवे दिवे बसवले आणि कौतुकाने मला धक्क्यावर बोलावलं. पाहतो तर लाल दिवा उजवीकडे, हिरवा डावीकडे! नाळ धक्क्याला लागलेली. समोर उभं राहून त्याने बाजू ठरवल्या होत्या. बाजू ठरते ती होडीत नाळेकडे तोंड करून : डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. अंधारात समोरचा ट्रॉलर त्यावरूनच आपली दिशा ओळखतो. उलटे दिवे म्हणजे टकरीला आमंत्रण. कामाचा पांढरा दिवाही सुकाणू धरणाऱ्याच्या डोळ्यांवर येत होता. तो मागे नेऊन खाली वळवला.

भाऊ ओशाळला. म्हटलं, "अरे, माझी पोरंही सुरुवातीला उर्दूची वही डावीकडून उघडतात."

फक्त, वहीतलं खोडता येतं.