तीन रविवार

आमच्या महाविद्यालयांतील प्राध्यापकांच्या खोलींत दुपारच्या चहाच्या वेळीं लग्नाचा विषय निघाला, कीं कोणी तरी स्नेही आमच्याकडे वळून म्हणतोच, "तुमचें बरें आहे. तुमच्यांत मुलामुलींनीं आधीं ओळख करून घ्यावयाची, चार ठिकाणीं हिंडावयाचें, मन जुळलें तर आईबापांस सांगावयाचें. पत्रिका नाहीं, मानपान नाहीं, कांहीं नाहीं." आम्ही हंसतों आणि चहा संपवितों. ज्याच्या घराण्यानें सोलापुरांत ख्रिस्ती म्हणून तीन पिढ्या काढल्या आहेत, त्यास या समजुतीचें हंसूं यावयाचेंच. आमच्या मित्रांनीं ख्रिस्ती माणसाचा संसार पाहिला तो बहुधा चित्रपटांत. रविवारीं उपासनेस येऊन बसणारा आमच्या मंडळींतला माणूस त्यांच्याइतकाच मराठी आहे, आणि मुलीच्या लग्नाच्या बाबतींत तर तसूभरही कमी नाहीं.

आमच्यांत लग्न जमतें तें असें. कोणाची तरी मावशी म्हणते कीं नगरास एक मुलगा आहे, बँकेंत नोकरीस आहे. किंवा पाळकांच्या पत्नी सुचवितात कीं मिरजेच्या दवाखान्यांत एक मुलगी परिचारिका आहे, स्वभावानें गरीब आहे. मग मुलाकडील पांचसहा माणसें येतात, पोहे होतात, मुलगी खालीं पाहून दोन प्रश्नांचीं उत्तरें देते, आणि निघतांना कोणी वडील माणूस प्रार्थना करितो. फरक काय तो या प्रार्थनेचा. पत्रिका आम्ही पाहत नाहीं हें खरें. पण ख्रिस्तांत भेद नाहीं असें दर रविवारीं ऐकणाऱ्या घरांतही, हें घराणें मूळचें कोणत्या जातीचें, असें दाराआड हळूच विचारणारी एखादी आजी निघतेच.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ सालीं मुंबईस उतरले. पुढें तें मिशन १८३१ सालीं अहमदनगरास, आणि १८६० नंतरच्या दशकांत सोलापुरास आलें. या लोकांनीं आपल्या देशांतील प्रणयाराधनाची चाल बरोबर आणली असेल असें सहज वाटतें. आमच्या आजीच्या तोंडून ऐकलेलें चित्र मात्र निराळें आहे. ती मुलींच्या एका वसतिगृहांत वाढली. तेथें कोणा मुलाचें पत्र आलें तर तें आधीं मडमसाहेब वाचीत, आणि मग द्यावयाचें कीं नाहीं तें ठरवीत. आजोबांस तिनें लग्नापूर्वीं दोनदां पाहिलें. दोन्ही वेळां शब्बाथ शाळेंत, आणि दोन्ही वेळां पाठमोरे. तेव्हां आम्हांस वाटतें तें असें, कीं मिशननें आमच्याकडे आणलें तें प्रणयाराधन नव्हे. आणला तो विलंब. मुलीस शिकूं द्यावें, तिचें वय होऊं द्यावें, आणि विवाहाच्या वेळीं तिच्या तोंडून होकार घ्यावा, एवढेंच.

एवढेंच म्हटलें तरी त्या काळीं तें थोडें नव्हतें. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानें एतद्देशीय ख्रिस्ती लोकांसाठीं मुलाचें वय सोळाहून व मुलीचें तेराहून अधिक असावें असें ठरविलें. आज तेरा हा आंकडा वाचून अंगावर कांटा येतो, आणि १९७८ पासून तो अठरा झालाही आहे. पण १८८७ सालीं, लहानपणीं लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंस मुंबईच्या हायकोर्टानें काय सांगितलें होतें? नवऱ्याकडे नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत बसा. अशा जगांत मुलीचें वय वाढूं देणें आणि तिला विचारणें, हें दोन्ही मोठें होतें.

लक्ष्मीबाई टिळकांचें उदाहरण तर वाचकांच्या परिचयाचें आहे. १८८० सालीं त्यांचें लग्न झालें तेव्हां त्यांस कोणी विचारलें नाहीं. तशी रीतच नव्हती. १८९५ सालीं नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि ताटातूट झाली. कांहीं वर्षांनीं लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परत आल्या आणि पुढें त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून प्रसिद्ध झालेलीं 'स्मृतिचित्रें' वाचतांना आमच्या मनांत नेहमीं येतें, कीं या जोडप्याचा परिचयाचा काळ लग्नाच्या पंधरा वर्षांनंतर आला, आणि त्या काळांत परत यावें कीं न यावें हें बाईंनीं स्वतः ठरविलें. अशा ताटातुटीसाठीं १८६६ चा एक कायदाही होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाबरोबर त्याची बायको नांदावयास तयार नसेल, तर न्यायाधीशानें एकदम काडीमोड देऊं नये; प्रकरण एक वर्ष तहकूब ठेवावें, आणि वर्षानंतर तिला पुन्हा विचारावें, अशी त्यांत तरतूद होती. काडीमोडीच्या कायद्यानें बाईस विचार करण्यास वर्ष द्यावें, आणि लग्नाच्या रीतीनें पोह्यांच्या बशीइतका वेळ द्यावा, हें चमत्कारिक खरें.

पवित्र शास्त्रांत लग्न जमविण्याची सर्वांत सविस्तर हकीकत आहे ती रिबकेची. अब्राहामाचा नोकर परमुलखांत जातो, विहिरीवर मुलगी पाहतो, तिच्या घरच्यांपुढें मागणी घालतो, दागिने काढतो. सारें कसें आपल्याकडच्यासारखें. बाप आणि भाऊ होकार देऊनही बसतात. पण निघण्याच्या दिवशीं घरचे म्हणतात कीं मुलीला बोलावून तिलाच विचारूं. आणि ती जाईन म्हणते. या कथेवर आम्हीं कित्येक प्रवचनें ऐकलीं आहेत. ती नाहीं म्हणाली असती तर काय, हा प्रश्न मात्र एकाही प्रवचनांत ऐकल्याचें स्मरत नाहीं. ज्या प्रश्नास एकच उत्तर चालतें, त्यास प्रश्न म्हणावें कीं नाहीं, याचा विचार व्हावयास हवा.

आमच्या गांवच्या सिद्धेश्वराची आख्यायिका या बाबतींत अधिक मोकळी आहे. एका कुंभारकन्येच्या मनांत सिद्धरामेश्वरांशीं लग्न करावें असें आलें. ते योगी, त्यांनीं नकार दिला, आणि तिचें मन राखण्यासाठीं आपल्या योगदंडाशीं तिचा विवाह लावूं दिला. दर जानेवारींत संक्रांतीच्या सुमारास तलावाकांठीं संमती कट्ट्यापाशीं हा सोहळा होतो, संमती वाचली जाते आणि सारें सोलापूर अक्षता टाकतें. आम्हीही लहानपणीं वडिलांचा हात धरून त्या गर्दींत उभे राहिलों आहों. मुलीनें आपली इच्छा बोलून दाखविली, पुरुषानें नाहीं म्हटलें, आणि दोघांची अब्रू शाबूत राहिली. आठ शतकें लोटलीं तरी गांव त्या गोष्टीचा उत्सवच करितें.

आमच्याकडे संमती वाचीत नाहींत, सूचना वाचतात. लागोपाठ तीन रविवार पाळक उपासनेंत वधूवरांचीं नांवें जाहीर करितात, आणि कोणाची हरकत असल्यास कळवावी असें सांगतात. ही चाल जुनी आहे. १२१५ च्या लॅटरन परिषदेनें लग्न आधीं जाहीर करावें असें ठरविलें, आणि १५६३ सालीं ट्रेंटच्या परिषदेनें तीन वेळांचा नियम घातला. हेतु व्यवहाराचा होता. वराची पहिली बायको जिवंत आहे काय, दोघांचें जवळचें नातें आहे काय, हें गांवास ठाऊक असतें, तें वेळींच उघड व्हावें. हरकत कोणी घ्यावी, तर गांवानें. वधूस स्वतःलाच हरकत असूं शकेल, हें या योजनेंत कोणाच्या लक्षांत आलेलें दिसत नाहीं.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला, ती सांगतों. १९९६ सालचा मे महिना होता. आमच्या धाकट्या बहिणीचें लग्न ठरलें होतें, दुसऱ्या रविवारची सूचना वाचून झाली होती. त्या रात्रीं उकाड्यामुळें आम्ही गच्चीवर निजलों होतों. ती वर आली आणि पायथ्याशीं बसली.

"दादा, मला हें लग्न करावेंसें वाटत नाहीं."

"कां? कांहीं कानांवर आलें कां?"

"नाहीं. ते चांगले आहेत. चार वेळां भेटलों आम्ही. पण त्यांनीं मला आजवर एकही प्रश्न विचारला नाहीं."

आम्ही हंसलों. लग्न झालें कीं विचारील, म्हणालों. मग पत्रिका वाटून झाल्या आहेत, हॉलचे पैसे भरले आहेत, दोन रविवार वाचून झालें आहे, आतां मंडळींस काय सांगावयाचें, असें सारें समजावून सांगितलें. बाबांच्या रक्तदाबाचीही आठवण करून दिली. ती "बरें" म्हणाली आणि खालीं गेली.

तिसऱ्या रविवारीं नांवें वाचलीं गेलीं. कोणाची हरकत असल्यास, असें म्हणून पाळक रीतीप्रमाणें क्षणभर थांबले. ती स्त्रियांच्या बाजूस तिसऱ्या रांगेंत बसली होती. आम्हांस तिची पाठ दिसत होती. त्या साऱ्या मंडळींत हरकत ठाऊक असलेला माणूस एकच होता, आणि तो स्तोत्रसंहितेचें पान शोधीत होता.

पुढें वाईट असें कांहीं घडलें नाहीं. मेहुणे निर्व्यसनी आहेत, मुलें शिकून मार्गीं लागलीं आहेत. पण त्या रात्रीनंतर बहिणीनें आम्हांस आपल्या घरचें सर्व सांगितलें, मनांतलें कांहीं सांगितलें नाहीं. आम्ही इंग्रजीचे प्राध्यापक. जेन ऑस्टिनबाईंची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही १८१३ सालची कादंबरी वर्षानुवर्षें शिकवितों. तींत कॉलिन्स नांवाचे धर्मोपदेशक नायिकेस मागणी घालतात; ती स्पष्ट नाहीं म्हणते, आणि हा मुलींचा विनय आहे अशी ते आपली समजूत करून घेतात. वर्गांत येथें मोठा हंशा पिकतो. आम्हांस मात्र अलीकडे तो प्रसंग शिकवितांना घशाशीं कांहीं अडकल्यासारखें होतें.

दोन वर्षांपूर्वीं आमची मुलगी पुण्याहून सुटीस आली आणि म्हणाली, "बाबा, मंडळींतल्याच एका मुलानें विचारलें आहे. लगेच साखरपुडा नको. आम्हांस एक वर्ष द्या." तरुण लोक ज्यास डेटिंग म्हणतात, तें हेंच कीं काय, अशी तिच्या आईस धास्ती पडली. मंडळींतल्या वडील माणसांत या विषयावर दोन तट आहेत. १९९७ सालीं अमेरिकेंत जोशुआ हॅरिस या विशींतल्या तरुणानें 'आय किस्ड डेटिंग गुडबाय' नांवाचें पुस्तक लिहिलें. लग्नाचा हेतु नसतां जोडीनें हिंडणें सोडावें, आणि परिचय वाढवावा तो वडिलांच्या नजरेखालीं, असा त्याचा उपदेश होता. आमच्याकडच्या तरुणांच्या हातींही तें आलें. पुढें २०१८ सालीं त्याच लेखकानें तें मागें घेतलें; पुस्तकानें अनेकांच्या मनांत भीति घातली असें त्यास वाटूं लागलें होतें. देहाच्या पावित्र्याविषयींची शास्त्राची शिकवण आम्ही मानतों, आणि तींत सवलत मागत नाहीं. पण पावित्र्य राखणें निराळें, आणि मुलीचा नकार अशक्य करून ठेवणें निराळें. लोकांची नजर चुकविणारें हिंडणें आम्हांस पसंत नाहीं. तसाच पोह्यांच्या बशीवरचा निकालही पसंत नाहीं. परिचयाचा काळ हवा तो दोघांनीं एकमेकांस विचारावें म्हणून, आणि नाहीं म्हणण्याची वाट शेवटच्या दिवसापर्यंत उघडी राहावी म्हणून. आम्हीं वर्ष दिलें. घरीं यावें, उघड भेटावें, वचन मात्र कोणीं कोणास देऊं नये, एवढें ठरलें.

दहाव्या महिन्यांत मुलगी आली. "बाबा, तो चांगला आहे," अशीच तिनें सुरुवात केली. तेच शब्द ऐकून आम्ही सावरून बसलों. या खेपेस आम्हीं पत्रिकांची, पैशांची, मंडळीची गोष्ट काढली नाहीं. "पुढें सांग," एवढेंच म्हणालों. ती तासभर बोलली. तें येथें लिहिण्याचें कारण नाहीं. दुसऱ्या दिवशीं आम्ही स्वतः मुलाच्या घरीं गेलों. त्याच्या वडिलांनीं चहा दिला, पण म्हणाले, "सर, मुलाचें एक वर्ष फुकट गेलें." त्यांचें दुःख खोटें नव्हतें, मुलगा आंतल्या खोलींत होता, तो बाहेर आला नाहीं. नकाराची किंमत कोणाला तरी द्यावी लागतेच, आणि येथें ती एका निरपराध मुलास पडली. आम्हीं क्षमा मागितली. वर्ष ज्यासाठीं मागून घेतलें होतें तें काम त्या वर्षानें केलें, हें मात्र त्या घरीं बोलून दाखविण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. येथें लिहून ठेवितों.

त्या रात्रीं बहिणीस नगरास फोन केला आणि हकीकत सांगितली. ती कांहीं वेळ बोलली नाहीं. मग तिनें विचारलें,

"दादा, तिला कोणी रागावलें नाहीं ना?"

"नाहीं."

"बरें झालें," ती म्हणाली. आणि मग किती तरी वर्षांनीं ती स्वतःविषयीं बोलूं लागली. रात्र बरीच झाली होती. आम्हीं मध्यें एक शब्दही काढला नाहीं.